पिकासोने मुखवट्यांकडून नेमकं काय घेतलं?

प्रश्न थोडक्यात असा: "पाश्चात्त्य आधुनिक कलेतला आदिमवाद शिकताना गोंधळ होतो. पुस्तकात लिहिलंय की गोगँ, मातिस, पिकासो यांनी आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरच्या कलेपासून प्रेरणा घेतली. एका व्याख्यानात ऐकलं की ती सरळसरळ चोरी होती. खरं काय? आणि मी माझ्या चित्रांत वारली आकृत्या वापरते, म्हणजे मीही तेच करतेय का?"

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे हिशेब एकमेकांत मिसळले आहेत. एक हिशेब वस्तूंचा: मुखवटे, मूर्ती, कोरीव तुळया पॅरिस, बर्लिन, लंडनला कशा पोचल्या. दुसरा रूपाचा: त्या वस्तू पाहून तिथल्या चित्रकारांच्या आणि शिल्पकारांच्या हातात काय बदललं. पहिल्या हिशेबात चोरी आहे, लूट आहे, आणि ती कागदोपत्री नोंदलेली आहे. दुसऱ्याला मी चोरी म्हणणार नाही, कारण कुणी पाहून शिकल्याने मूळ कारागिराच्या हातातलं काही कमी होत नाही. पण त्या दुसऱ्या हिशेबात वेगळी खोट आहे आणि ती मला जास्त लागते. ज्यांनी या वस्तू घडवल्या त्यांना नाव असतं, काळ असतो, डोकं असतं, हे मान्य करायचीच तयारी नव्हती. मी लाकूड आणि दगड कोरतो आणि कलेचा इतिहास शिकवतो, त्यामुळे पुढचं बरंचसं हत्याराच्या आणि माध्यमाच्या बाजूने बोलणार आहे.

आदिमवाद ही आफ्रिकेतली किंवा पॅसिफिकमधली कुठली शैली नाही. ती युरोपातल्या कलावंतांची भूक होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या कलाशिक्षणाचा साचा घट्ट झाला होता: प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून रेखाटन, मग शरीररचना, यथार्थदर्शन, छायाप्रकाश, आणि शेवटी प्रदर्शनासाठी एखादा भव्य ऐतिहासिक प्रसंग. (मुंबईच्या जे. जे.मध्येही तेव्हा याच वळणाचं शिक्षण होतं. शिल्पकार म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' त्यातूनच उमलली.) कॅमेऱ्यामुळे हुबेहूबपणाची मातब्बरी कमी झाली. आणि याच वर्षांत युरोपातल्या सत्तांनी आफ्रिका आपापसांत वाटून घेतली. जहाजं भरभरून वस्तू येऊ लागल्या. जगात कुठेतरी माणूस अजून निर्मळ आहे, त्याच्या कलेला शिक्षणाची बाधा झालेली नाही, असं थकलेल्या कलावंताला वाटू लागलं.

या एका कल्पनेखाली त्यांनी काय काय आणलं ते पाहिलं की तिचा पोकळपणा लक्षात येतो. काँगोची मूर्ती, ईस्टर बेटावरचे दगड, पेरूची मडकी, ब्रिटनीतले फ्रेंच शेतकरी, लहान मुलांची चित्रं, मनोरुग्णालयातली रेखाटनं, आणि पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरी करणारा, कधी फ्रान्सबाहेर न गेलेला आंरी रूसो. या सगळ्यांत समान काहीही नाही. समान आहे ती फक्त त्यांच्याकडे पाहणाऱ्याची नजर.

भूक आणि वास्तव यांतलं अंतर सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते पॉल गोगँकडे. शेअर बाजारातला हा माणूस १८८९च्या पॅरिस विश्वप्रदर्शनात वसाहतींचे देखावे पाहून भारावला आणि १८९१ साली पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर पोचला. ताहिती १८८०पासून फ्रेंच वसाहत होती. पापेएते बंदरात त्याला सरकारी अधिकारी दिसले, मिशनरी दिसले, मिशनऱ्यांनी रूढ केलेले गळ्यापासून घोट्यापर्यंतचे झगे घातलेल्या बायका दिसल्या. जे शोधायला आला होता ते तिथे नव्हतं. मग त्याने ते रंगवलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचं 'इआ ओराना मारिया' आहे, १८९१चं. लाल वस्त्र नेसलेली ताहितीची मेरी, खांद्यावर बाळ, दोघांच्या डोक्याभोवती प्रभावळीची बारीक कडी, डावीकडे झाडाआड पिवळ्या पंखांचा देवदूत, पुढ्यात केळी. मध्ये दोन बायका हात जोडून उभ्या आहेत. त्या बायकांचे हात आणि उभं राहण्याची ढब ताहितीतली नाही. ती जावामधल्या बोरोबुदुरच्या बौद्ध शिल्पपटावरून घेतलेली आहे. त्या शिल्पांची छायाचित्रं गोगँ सोबत घेऊन गेला होता. म्हणजे 'निसर्गाच्या कुशीतल्या' स्त्रीची देहबोली हजार वर्षांपूर्वीच्या अत्यंत सुसंस्कृत, बौद्ध, भारताशी नातं सांगणाऱ्या शिल्पकारांनी घडवलेली.

त्याच्या ताहितीवरच्या लिखाणातही असंच आहे. तिथली देवदेवतांची पुराणं आपल्याला तेहामाना या आपल्या ताहितीच्या पत्नीने सांगितली, असं तो सुचवतो. प्रत्यक्षात ती मोरेनहाउट नावाच्या एका युरोपीय अधिकाऱ्याच्या १८३७ सालच्या पुस्तकातून उतरवलेली आहेत. ती मुलगी तेव्हा तेरा वर्षांच्या आसपासची होती. ही गोष्ट शिकवताना मी लपवत नाही, आणि 'त्या काळी असं चालायचं' म्हणून पुढेही सरकत नाही. वसाहतीचा गोरा रहिवासी म्हणून जी सत्ता त्याच्या हाती होती, तिच्याशिवाय ही चित्रं झाली नसती. आणि तरीही रंगाच्या सपाट पट्ट्या शेजारीशेजारी ठेवून खोली निर्माण करणं, जांभळ्या जमिनीवर पिवळा देह बसवणं, हे त्याने ज्या ताकदीने केलं ते मी विद्यार्थ्यांना शिकवतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एक सांगून दुसरी झाकायची नाही.

आता पॅरिसकडे. १९०६च्या सुमारास व्लामँक, दरँ आणि मातिस या चित्रकारांकडे आफ्रिकन वस्तू आल्या होत्या. व्लामँककडचा फांग या आफ्रिकन जमातीचा पांढरा मुखवटा दरँने विकत घेतला. मातिसने एका दुकानातून काँगोतली विली लोकांची छोटी बसलेली मूर्ती घेतली आणि गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन लेखिकेच्या घरी पिकासोला दाखवली. १९०७ साली पिकासो त्रोकादेरोच्या मानववंश संग्रहालयात गेला. धूळ, कोंदट वास, खच्चून भरलेली दालनं. पळून जावंसं वाटलं, पण थांबलो, असं त्याने तीस वर्षांनी आंद्रे मालरो या फ्रेंच लेखकाला सांगितलं, आणि मालरोने ते १९७४ साली छापलं. हे मुखवटे म्हणजे नुसती शिल्पं नव्हेत, माणूस आणि भोवतालच्या अनोळखी, वैरी शक्ती यांच्यामध्ये उभे राहणारे मध्यस्थ आहेत, असं त्याला तिथे जाणवलं. ही आठवण मोलाची आहे, पण घटनेनंतर इतक्या वर्षांनी सांगितलेली आणि तिसऱ्याच माणसाने लिहिलेली. हाच पिकासो १९२० साली एका मासिकाने विचारलं तेव्हा 'निग्रो कला? मला ठाऊक नाही' म्हणून मोकळा झाला होता. म्हणून त्याच्या बोलण्यापेक्षा मी चित्राकडे जास्त पाहतो.

पिकासोचं १९०७चं 'ले दम्वाझेल दाविन्यों' हे चित्र साधारण २४४ बाय २३४ सेंटिमीटर आहे, न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात. वेश्यागृहातल्या पाच नग्न स्त्रिया. मधल्या दोघींचे मोठे बदामी डोळे आणि कान हे स्पेनमधल्या प्राचीन आयबेरियन शिल्पांवरून आलेत; ती शिल्पं त्याने लूव्रमध्ये पाहिली होती. (लूव्रमधून चोरीला गेलेली त्यातली दोन मस्तकं १९०७ साली त्याच्याच घरात होती, १९११ साली ती परत करावी लागली. इथे 'चोरी' शब्द अक्षरशः लागू होतो.) उजवीकडच्या दोघींचे चेहरे मात्र मुखवट्याचे. खाली बसलेली आपल्याकडे पाठ करून आहे, तरी चेहरा पूर्ण आपल्याकडे वळलेला. नाक पाचरीसारखं एका बाजूला कललेलं. वरच्या बाईच्या नाकागालावर समांतर हिरवे पट्टे.

त्या पट्ट्यांवर थोडं थांबा. अकादमीत गाल गोल दाखवायचा तर उजेडाकडून अंधाराकडे रंग हळूहळू गडद करत नेतात. इथे उजेड कुठून येतो याची पर्वाच नाही. पट्टा फक्त सांगतो की हा पृष्ठभाग या दिशेला वळला. ज्याने वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवला आहे त्याला हे लगेच ओळखता येतं. वाकसाचा प्रत्येक घाव लाकडावर एक चपटी पापुद्र्याएवढी जागा सोडतो, आणि अशा अनेक जागांनी वळण तयार होतं. पिकासोने त्याच १९०७ साली लाकूडही कोरून पाहिलं, हे या संदर्भात मला महत्त्वाचं वाटतं.

आणि एक गोष्ट बहुतेक पुस्तकांत चुकीची सांगितली जाते. या चेहऱ्यांशेजारी हमखास एखादा विशिष्ट आफ्रिकन मुखवटा छापतात आणि 'हा पाहून ते काढलं' असं सुचवतात. १९८४ साली मोमाने आदिमवादावर जे मोठं प्रदर्शन भरवलं त्याच्या विल्यम रुबिन या संयोजकानेच दाखवून दिलं की अभ्यासकांनी मूळ म्हणून सुचवलेले मुखवटे १९०७ साली पिकासोला पॅरिसमध्ये दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे त्याने नक्कल उतरवली नाही. चेहरा असाही बांधता येतो, एवढी मुभा त्याने घेतली.

खरी देवाणघेवाण मला पाच वर्षांनंतरच्या कामात दिसते. पिकासोकडे ग्रेबो लोकांचे मुखवटे होते. ही जमात लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या किनारपट्टीवरची. ग्रेबो मुखवटा म्हणजे जवळजवळ सपाट फळी. तिच्यावर नाकाची उभी पट्टी, तोंडासाठी पुढे आलेली चौकोनी पेटी, आणि डोळ्यांच्या जागी पुढे काढलेल्या दोन नळ्या. आपल्या चेहऱ्यात डोळा खोबणीत असतो, आत. इथे तो बाहेर आहे. तरीही दहा फुटांवरून पाहताक्षणी तो डोळाच दिसतो, चूक होत नाही. कोरणाऱ्याने डोळ्यासारखं काही केलेलंच नाही. डोळ्याची खूण केली आहे. आजूबाजूच्या खुणांमुळे तिला अर्थ येतो. १९१२ साली पिकासोने पुठ्ठ्याची 'गिटार' केली, पुढे पत्र्याची. खऱ्या गिटारीला मध्ये भोक असतं. त्याच्या गिटारीत भोकाच्या जागी पुढे आलेली नळी आहे. त्याचा विक्रेता आणि मित्र कानवायलरने हा दुवा पुढे स्पष्ट लिहून ठेवला.

शिल्पकार म्हणून सांगतो, युरोपच्या शिल्पकलेत हे फार मोठं वळण होतं. तोवर शिल्प म्हणजे भरीव वस्तुमान: माती चढवा किंवा दगड उतरवा, पण वस्तूचा बाहेरचा आकार पाळा. ग्रेबो कारागिराने शिकवलं की आकार पाळायची गरज नाही, नातं पाळा. यालाच मी शिकणं म्हणतो, आणि म्हणूनच 'चोरी' शब्द मला इथे तोकडा वाटतो. पण मग श्रेय द्यायचं तर ते 'आदिम सहजप्रेरणे'ला देऊन चालणार नाही. डोळ्याची खोबण उलटी करणं सहजप्रेरणेने होत नाही. तो विचार आहे, पिढ्यान्पिढ्या घोटलेला. आदिमवादाने विचार उचलला आणि विचार करणाऱ्याला भोळा ठरवलं.

दुसरा ठोस परिणाम झाला तो कोरण्याच्या पद्धतीवर. रोदँ या फ्रेंच शिल्पकाराच्या काळात शिल्पकार माती किंवा मेणात काम करी. त्याचा प्लास्टर साचा होई. मग संगमरवरात ते मापयंत्राने उतरवायचं काम मदतनीस करत. दगडाला शिल्पकाराचा हात लागेलच असं नव्हतं. १९०६ साली पॅरिसमध्ये गोगँचं मोठं मरणोत्तर प्रदर्शन झालं, त्यात त्याचं लाकडी कोरीवकाम होतं. आफ्रिकन मूर्ती तर एकाच ओंडक्यातून काढलेल्या. लगेच १९०७च्या सुमारास दरँने दगडाच्या ठोकळ्यातून बसलेला माणूस थेट कोरला आणि ब्रांकुशीने 'चुंबन'. दोन्हींमध्ये मूळ ठोकळा अजून दिसतो. ब्रांकुशीच्या बाबतीत सगळं श्रेय आफ्रिकेला देऊ नका. त्याच्या रुमानियातलं लाकडी सुतारकाम, घराचे कोरीव खांब त्याच्या हातातच होते. मोदिल्यानीची लांबट दगडी मस्तकं सुंदर आहेत, पण मला ती एका ठरलेल्या घाटात लवकर अडकलेली वाटतात. पुढे इंग्लंडमध्ये हेन्री मूरने मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाच्या आडव्या 'चाकमूल' मूर्तीवरून १९२९ची आपली पहुडलेली स्त्री घडवली. दगडाचं दगडपण राखून देह कसा काढायचा, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही.

जर्मनांबद्दल थोडक्यात सांगतो. १९०५ साली ड्रेस्डेनमध्ये स्थापन झालेल्या 'ब्रुके' या चित्रकारांच्या गटाने तिथल्या संग्रहालयात पलाऊ बेटांवरच्या पुरुष-घरांच्या रंगीत कोरीव तुळया पाहिल्या. किर्शनरच्या कोनदार देहांवर त्यांची छाया आहे. नोल्डे १९१३-१४ साली जर्मन न्यू गिनीला गेला. पेकस्टाइन १९१४ साली पलाऊला पोचला आणि महायुद्धात जपानने बेटं घेतल्यावर त्याला निघावं लागलं. पुढे नाझींनी १९३७ साली म्युनिकमध्ये 'अवनत कला' म्हणून याच कलावंतांची बदनामी मांडली. त्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेवर ऑटो फ्रॉइंडलिखचं एक मस्तक छापलं होतं, आफ्रिका-पॅसिफिकच्या शिल्पांची आठवण करून देणारं. फ्रॉइंडलिख ज्यू होता. १९४३ साली नाझींच्या छावणीत त्याचा अंत झाला. कलावंतांना ज्या कल्पनेत मुक्ती दिसली, तीच कल्पना उलटी धरून वंशद्वेष्ट्यांनी हत्यार केलं. दोघांनाही आफ्रिकेतला खरा माणूस दिसलेला नव्हता.

आता पहिल्या हिशेबाकडे, वस्तूंच्या. पिकासो त्रोकादेरोत गेला तेव्हा त्या संग्रहालयाच्या मालकीत पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमे राज्याच्या राजमूर्ती होत्या: ग्लेले राजाची सिंहरूपी, बेहांझिनची शार्करूपी. १८९२ साली जनरल दोद्सच्या फ्रेंच सैन्याने अबोमे राजधानी घेतली तेव्हा त्या उचलल्या गेल्या. बेहांझिनची मूर्ती सोसा देदे या शिल्पकाराची मानली जाते. दाहोमेतूनच लोहदेवतेची एक माणसाएवढी लोखंडी मूर्तीही नेली गेली, ठोकलेल्या पत्र्याची, अकाती एक्प्लेकेन्दो नावाच्या कारागिराची. पिकासोच्या पत्र्याच्या गिटारीच्या किमान अर्धशतक आधीची. ही राजदरबाराची कला होती: राजकारण, पदव्या, युद्धं, बिरुदं यांनी भरलेली. तिच्यात काळ गोठलेला वगैरे काही नव्हतं. १८९७ साली ब्रिटिशांनी आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर जाळून हजारो पितळी शिल्पं नेली, ती अशीच. १९३१ साली निघालेल्या फ्रेंच 'डाकार-जिबुती' मोहिमेत मिशेल लेरिस हा लेखक सचिव होता. गावकऱ्यांना धमकावून देवघरातल्या पवित्र वस्तू कशा उचलल्या हे त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं आणि १९३४ साली छापलंही. दाहोमेच्या सव्वीस वस्तू फ्रान्सने २०२१ साली बेनिन प्रजासत्ताकाला, म्हणजे जुन्या दाहोमेच्या जागच्या देशाला, परत केल्या, त्यांत त्या राजमूर्ती आहेत. लोहदेवता अजून फ्रान्समध्ये आहे.

बाजारात आलेल्या वस्तूंचं काय झालं तेही बघा. मुखवटा म्हणजे नुसता चेहरा नसतो. त्याला रॅफिया नावाच्या ताडाच्या तंतूंचा अंगभर पोशाख असतो, ढोल असतो, नाचणारा असतो, रात्र असते. पॅरिसला येईपर्यंत तंतू गळालेले किंवा काढून टाकलेले असत. तेल, शेंदरी लाकडाची पूड, बळीचं रक्त यांचे थर कित्येकदा खरवडून काढले जात, कारण गिऱ्हाइकाला स्वच्छ रेषा हवी. मग किचिझो इनागाकी या पॅरिसमधल्या जपानी कारागिराने घडवलेल्या देखण्या लाकडी बैठकीवर ती वस्तू चढे. इनागाकीचं काम अप्रतिम आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बैठक चढली की वस्तू 'शिल्प' होते आणि नाचणारा कायमचा नाहीसा होतो. बैठक करणाऱ्याचा शिक्का तळाला असे. मूर्ती करणाऱ्याचं नाव विचारलेलंच नसे.

विचारलं असतं तर मिळालं असतं. नायजेरियातला योरुबा शिल्पकार इसेचा ओलोवे हा पिकासोच्याच काळातला, १९३८ साली वारला. इकेरेच्या राजवाड्यासाठी १९१०-१४च्या सुमारास त्याने कोरलेली दारं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आकृत्या इतक्या उठावाच्या की दारापासून सुटून बाहेर वळतात. एका बाजूला राजा आणि त्याचा परिवार, दुसऱ्या बाजूला भोयांनी उचललेल्या पालखीसारख्या डोलीत बसून आलेला ब्रिटिश अधिकारी. हा कॅप्टन अँब्रोज, खरा माणूस, खरी घडलेली घटना. म्हणजे युरोपीय चित्रकार 'काळाबाहेरच्या आफ्रिके'चं स्वप्न रंगवत होते तेव्हा आफ्रिकन शिल्पकार वसाहतीचा चालू इतिहास दारावर कोरत होता. योरुबा मूर्तीत डोकं शरीराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढं असतं, ते प्रमाण न कळल्यामुळे नाही. त्यांच्या विचारात माणसाचं नशीब डोक्यात वसतं, म्हणून.

आणि १९०६ साली, मातिस ती काँगोची मूर्ती विकत घेत होता त्या वर्षी, लागोसमध्ये आयना ओनाबोलू हा तरुण एका बाईचं जलरंगात यथार्थ व्यक्तिचित्र रंगवत होता, युरोपीय पद्धतीने, स्वतःच्या हिमतीवर. आफ्रिकनांना असं चित्र काढताच येणार नाही या समजाला त्याचं ते उत्तर होतं. मातिसचं घेणं धाडस ठरलं आणि ओनाबोलूचं घेणं नक्कल. हा भेदभाव आधुनिक कलेच्या इतिहासात अजून पूर्ण दुरुस्त झालेला नाही, आणि आपल्याकडच्या चित्रकारांनाही तो भोवला आहे.

१९८४च्या त्या प्रदर्शनावर वाद पेटला तो याच मुद्द्यावर. शीर्षकातच 'आदिवासी आणि आधुनिक यांचं सख्य' होतं. आधुनिक कामाला कलावंताचं नाव आणि साल; शेजारच्या मुखवट्याला कर्ता नाही, साल नाही, तो कशासाठी घडवला तेही नाही. टॉमस मॅकएव्हिली या कलासमीक्षकाने त्यावर सडकून लिहिलं. माझं मत तिथे मॅकएव्हिलीच्या बाजूने आहे, पण रुबिनची सूचीपुस्तकं मी अजून वापरतो, कारण कोणती वस्तू कुणी कधी पाहिली याचा इतका काटेकोर शोध त्याआधी कुणी घेतला नव्हता.

या सगळ्याला चित्रानेच दिलेलं उत्तर पाहायचं तर विफ्रेदो लाम पाहा. क्यूबाचा, वडील चिनी, आई आफ्रिकन वंशाची. पॅरिसमध्ये पिकासोचा मित्र झाला, युद्धामुळे १९४१ साली मायदेशी परतला आणि १९४३ साली 'ला जुंगला' पूर्ण केलं. आकार जवळजवळ 'दम्वाझेल'एवढाच. उसाच्या कांड्यांत मिसळलेले देह, अर्धचंद्रासारखे मुखवट्याचे चेहरे, एका हातात कात्री. पण हे मुखवटे संग्रहालयात पाहिलेले नाहीत. सांतेरिया या आफ्रिकन मुळांच्या क्यूबन पंथात त्याची धर्ममाता पुजारीण होती, आणि ऊस म्हणजे त्याच्या पूर्वजांची गुलामी. मोमाने हे चित्र १९४५ साली विकत घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं ते कोट ठेवायच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर टांगलेलं होतं.

आता वारलीबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच असावा. १९८९ साली पॅरिसमध्ये 'पृथ्वीवरचे जादूगार' नावाचं प्रदर्शन झालं, १९८४च्या चुका सुधारण्यासाठी. निम्मे कलावंत पाश्चात्त्य, निम्मे इतर जगातले, सगळे जिवंत आणि सगळे नावानिशी. त्यात डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा माशे होते. तिथेही खटकणारं होतंच: ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमूच्या आदिवासींनी जमिनीवर केलेल्या चित्रामागे, वर, रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताचं प्रचंड मातीचं वर्तुळ भिंत व्यापून होतं. पण माशे तिथे माशे म्हणून होते, 'एक वारली' म्हणून नव्हे. पुढे २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

माशे स्वतः परंपरेचे आज्ञाधारक वाहक नव्हते. वारल्यांत लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुजारीण, गाते तेव्हा देवी तिथे येते. चौकाशिवाय लग्न नाही. चित्रकार भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकात कागद आणि रंग घेऊन पाड्यावर गेले, आणि माशे या पुरुषाने लग्नाचं निमित्त नसताना रोज चित्र काढायला सुरुवात केली. हा त्या समाजातला मोठा बदल होता, आणि तो एका माणसाने विचार करून केला. त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं जवळून पाहा. अख्खा कापड-पट बारीक पांढऱ्या रेषांच्या विणीने भरलेला, प्रत्येक घर हाताने काढलेलं, कुठे दाट कुठे विरळ, आणि त्या दाट-विरळपणानेच जाळं हवेत फुगलेलं दिसतं. छटा नाही, यथार्थदर्शन नाही, रंग एकच.

तुम्ही दोन त्रिकोण जोडून माणसं काढत असाल आणि त्यांना पिशवीवर, चित्राच्या कडेला, पार्श्वभूमीत 'ग्रामीण' वातावरणासाठी पेरत असाल, तर होय, तो आदिमवादच आहे, आणि त्यातलाही उथळ. पालघटचा चौक सजावटीसाठी वापरत असाल तर तो लगेच थांबवा; तारप्याच्या नाचाचं किंवा शेतीकामाचं चित्र वेगळं आणि देवीचा चौक वेगळा, हे तिथली माणसं तुम्हाला सांगतील. पण त्या आकृतीतला प्रश्न तुम्ही घेत असाल, म्हणजे कमरेशी टोकाला टोक लागलेले दोन त्रिकोण हाडं-स्नायू न दाखवता वाकणं, ओझं उचलणं, वळणं कसं दाखवतात, तर घ्या, निःसंकोच घ्या, आणि कुणाकडून शिकलात त्यांचं नाव चित्राखाली लिहा. डहाणू, जव्हार, तलासरी लांब नाहीत. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि शिकवणारे कलावंत पाड्यांवर आहेत. त्यांना शिकवणीचे पैसे द्या, त्यांच्यासोबत एक भिंत सारवा, पीठ किती पातळ ठेवायचं ते हाताने शिका. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालयही बघून या. त्यानंतर केलेली चार-पाच चित्रं आणि आत्ताची चार-पाच शेजारी ठेवून फोटो पाठवा. मग तुमच्या त्रिकोणांबद्दल नेमकं बोलता येईल.